रुजवात



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या स्मृत्यर्थ योजलेल्या या व्याख्यानासाठी विषय कोणता घेणार, असे संयोजकांनी मला विचारले तेव्हा मी ‘सरकारी हिशेब’ असे उत्तर दिले, आणि त्यांच्या मुद्रेवर जी छाया पसरली ती मी अजून विसरलेलो नाही. गोदाकाठी, वैशाखातील दिवसभराच्या काहिलीनंतर जरा वारा सुटला असता, लोकांनी काव्य ऐकावे, संतचरित्रे ऐकावीत. जमाखर्चाचे पाल्हाळ ऐकायला पटांगणात कोण येऊन बसणार, ही त्यांची शंका अगदीच गैरवाजवी नव्हती. तथापि ज्यांच्या नावाने आपण जमलो आहोत ते गृहस्थ १८ जानेवारी १८४२ रोजी येथून जवळच निफाडास, कचेरीत कारकुनी करणाऱ्या माणसाच्या घरी जन्मास आले. पुढे १८७८ मध्ये न्यायखात्यातील अधिकारी म्हणून याच नाशकात बदलून आले. आणि त्याच सुमारास निघू लागलेल्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकातून सरकारच्या जमाबंदीची व खर्चाची जी परखड चर्चा होऊ लागली, तिच्यामागे सरकारचेच मीठ खाणाऱ्या या माणसाची लेखणी होती. येथून त्यांना धुळ्यास धाडण्यात आले. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचे ते दिवस. तेथे त्यांचे टपाल फोडून पाहिले जाई. सरकारचे कागद वाचणाऱ्याचे कागद सरकार वाचू लागले, असा तो प्रकार होता. धुळ्याचा उल्लेख मी मुद्दाम करून ठेवीत आहे. तेथे आपल्याला पुन्हा जायचे आहे.

मी स्वतः विद्वान नाही. आयुष्याची एकतीस वर्षे मी लेखापरीक्षणाच्या खात्यात घालविली, आणि त्या काळात जो एक शब्द माझ्या जिभेवर बसला तोच मी आजच्या व्याख्यानाला शीर्षक म्हणून दिला आहे. रुजवात. हल्ली कचेऱ्यांतून ‘ताळमेळ’ म्हणतात; परंतु ताळमेळ म्हटले की दोन आकडे सारखे आले की काम संपले, असा भास होतो. रुजवातीत दोन दप्तरे समोरासमोर बसविली जातात, एकाची नोंद दुसऱ्याला वाचून दाखविली जाते, आणि दोघांपैकी कोण खोटे बोलतो आहे हे त्यांच्या तोंडूनच वदविले जाते. पेशवाईत मुलुखावर कमाविसदार नेमला जाई तेव्हा त्याच्या जोडीला मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे दरखदार असत. त्यांची वतने वंशपरंपरेची असल्यामुळे कमाविसदाराची मर्जी गेली म्हणून त्यांना घरी बसविता येत नसे, आणि त्यांच्या हातांखालून गेल्यावाचून हिशेबाचा कागद हुजुरात पुरा ठरत नसे. या व्यवस्थेला कीड लागली नाही असे नाही. दरखदार आणि कमाविसदार एका ताटात जेवू लागले की रयतेचे जे व्हायचे ते होतच असे. पण खर्च करणारा आणि खर्च वाचणारा हे दोन असावेत, व वाचणाऱ्याची भाकरी खर्च करणाऱ्याच्या हाती असू नये, एवढे शहाणपण आपल्या दप्तरांत इंग्रज येण्यापूर्वीच होते. पेशव्यांच्या रोजनिशांवर १९०० साली लिहिताना रानड्यांनी ही दप्तरे बारकाईने पाहिली होती. पुढल्याच वर्षाच्या जानेवारीत ते गेले.

आता एक वही दाखवितो. वही म्हणजे आठवणीतली. नोकरीच्या सहाव्या की सातव्या वर्षी एका तालुक्याच्या ठिकाणी, त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, मी एका उपविभागीय कचेरीचे हिशेब तपासत होतो. पाटाच्या एका चारीवर मुरमाचा भराव टाकल्याचे काम होते. मोजमाप वही उघडली. बांधकामाच्या व पाटबंधाऱ्याच्या खात्यांत या वहीला जे माहात्म्य आहे ते देवघरातील पोथीलाही नसेल, कारण शाखा अभियंत्याने जागेवर उभे राहून, फीत धरून, लांबी-रुंदी-खोली तिच्यात उतरवायची आणि त्या आकड्यांवरून ठेकेदाराचे बिल निघायचे. पाने क्रमांकित, खाडाखोड नाही, प्रत्येक नोंदीखाली सही व तारीख. सारे इतके नीटनेटके होते की मला अस्वस्थ वाटू लागले. भर पावसाळ्यात बांधावर उभे राहून लिहिलेल्या वहीच्या एखाद्या पानाला तरी चिखलाचे बोट लागलेले असते. ऑगस्टातील एका तारखेला तीन निरनिराळ्या साखळी क्रमांकांवरची मोजमापे नोंदविलेली होती. मी कचेरीच्या जीपगाडीची लॉगबुक मागविली. कारकुनाने ती आणून देताना विचारले, ‘‘साहेब, गाडीचं काय काढलंय?’’ त्या तारखेसमोर चालकाने, त्याच्या वळणदार पण अशुद्ध अक्षरात, ‘पुलावरून पाणी, गाडी जागेवर’ असा शेरा मारला होता. चारीकडे जाणारा रस्ता त्या एकाच पुलावरून जात होता.

रक्कम अकरा हजारांच्या आसपास होती. मी अर्धसमास पत्र काढले. उत्तर आले की तारीख नजरचुकीने पडली आहे. मी विचारले की मग खरी तारीख कोणती. त्याला उत्तर आले नाही. आक्षेप अहवालात गेला, अहवाल वरच्या कचेरीत गेला, तेथून अनुपालनासाठी खाली आला, आणि मी सेवानिवृत्त झालो तेव्हा प्रलंबित परिच्छेदांच्या यादीत तो होताच. तोवर शाखा अभियंता निवृत्त झाला होता, ठेकेदार निवर्तला होता, आणि त्या चारीला पाणी आलेले कोणी पाहिले नव्हते. हा किस्सा मी स्वतःची हुशारी दाखविण्यासाठी सांगत नाही, कारण हुशारी त्या चालकाची होती, आणि तीही अजाणता घडलेली. मला दाखवायचे आहे ते एवढेच की नियम सारे पाळलेले होते. वही होती, सही होती, मंजुरी होती. दुसरी वही उघडणारा माणूस तेवढा सहसा नसतो.

माझे सांगणे एवढेच आहे. संसद, विधिमंडळ, लोकलेखा समिती, महालेखापरीक्षक या संस्थांची महती सारे जाणतात. पण या सर्व यंत्रणेत ज्या क्षणी खरी तपासणी घडली, त्या प्रत्येक क्षणी कोणीतरी एक माणूस कंटाळवाणे कागद वाचीत बसलेला सापडतो, आणि जेथे असा माणूस नव्हता तेथे यंत्रणा शाबूत असूनही काही घडलेले नाही.

रानड्यांचे शिष्य गोपाळ कृष्ण गोखले यांचेच पाहा. १८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यास ते विलायतेस गेले तेव्हा त्यांचे वय तीस होते. त्यानंतर पाच वर्षांनी, २६ मार्च १९०२ रोजी, कलकत्त्यास वरिष्ठ कायदेकौन्सिलात त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. त्या कौन्सिलात लोकपक्षाच्या सभासदाला अर्थसंकल्पावर मत देण्याचा अधिकार नव्हता. ठराव मांडण्याचाही नव्हता. एक भाषण करावे आणि खाली बसावे, एवढीच सवलत. सरकार सात कोटींच्या शिलकीचा डौल मिरवीत होते. गोखल्यांनी त्या शिलकीचाच पुरावा सरकारविरुद्ध उलटविला: देशावर दुष्काळ आणि प्लेग यांचा घाला पडला असताना तिजोरी भरून वाहते, याचा अर्थ राज्य सुखी आहे असा होत नसून, हुंडणावळीच्या भावाची सबब सांगून चढविलेले कर ती सबब उरली नसतानाही चालू ठेवले आहेत असा होतो. मिठावरील कर मणामागे अडीच रुपये होता. १९०३ मध्ये तो दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक. ही सारी कपात एका भाषणाने घडविली असे मी म्हणणार नाही. पण ज्या सभागृहात मताचा हक्कच नव्हता तेथे केवळ बेरीज-वजाबाकीच्या बळावर सरकारला जाब देणे भाग पडले, हे खरे.

आणि या भाषणांच्या मागे आणखी एक माणूस होता, ज्याचे नाव आज सोलापुरातही फारसे कोणी घेत नसेल. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी शाळेतील मास्तर. सरकारी निळी पुस्तके, व्यापाराची कोष्टके, रेल्वेचे जमाखर्च हा त्यांचा नित्यपाठ. गोखले त्यांना पत्रे लिहून आकडे मागवीत, शंका विचारीत, मसुदे दाखवीत. कलकत्त्यास व्हाइसरॉय कर्झनसाहेबांच्या पुढ्यात जो हिशेब मांडला जाई, त्याची कच्ची खतावणी अशी सोलापुरातील एका मास्तरांच्या घरी तयार होत असे. आमच्या आमदारसाहेबांना आज स्वीय सहायक मिळतो, वाहन मिळते, निवृत्तिवेतन मिळते. जोशीमास्तर मिळत नाहीत. कोणी मागितल्याचेही माझ्या ऐकिवात नाही.

स्वातंत्र्यानंतर मताचा हक्क आला, आणि तोही निर्विवाद. कायदेमंडळाच्या मंजुरीवाचून तिजोरीतील पैसा बाहेर पडू शकत नाही. राज्यात मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार आहे असे घटनेच्या १६४ व्या अनुच्छेदात लिहिले आहे. महालेखापरीक्षकाचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवणे १५१ व्या अनुच्छेदाने बंधनकारक केले आहे. लोकलेखा समिती १९२१ पासून दिल्लीत होतीच, पण इंग्रजी अमदानीत तिच्या अध्यक्षस्थानी खुद्द अर्थखात्याचा सभासद बसे, म्हणजे कमाविसदारच फडणीस झालेला. १९५० मध्ये ती रीत मोडली. त्याच वर्षी, लोकसभेचे पहिले सभापती म्हणून पुढे ज्यांची ख्याती झाली त्या गणेश वासुदेव मावळंकरांच्या कारकिर्दीत, अंदाज समितीही उभी राहिली. आणि १९६७ पासून लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला, त्याचे पहिले मानकरी मुंबईचे मिनू मसानी. ही झाली चौकट. ती उत्तम आहे, आणि तिच्याविषयी याहून अधिक बोलून मी आपला वेळ घेणार नाही.

चौकटीत प्राण कसा येतो ते पाहायचे तर १९५७ सालाकडे वळावे लागेल. आयुर्विमा महामंडळ जन्मून वर्ष उलटले नव्हते. जूनच्या अखेरीस त्याने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाख रुपयांचे भाग खरेदी केले. मुंदडांची पत बाजारात घसरणीला लागलेली होती, आणि पैसा होता सामान्य विमेदारांचा. नोव्हेंबरात लोकसभेत प्रश्न निघाला. उत्तर मिळाले ते प्रश्नाच्या अंगाला न लागणारे. १६ डिसेंबरला फिरोझ गांधी उभे राहिले. ते सत्ताधारी पक्षाचे सभासद, शिवाय पंतप्रधानांचे जामात. आपल्याच सरकारच्या अर्थमंत्र्याला अडचणीत आणून त्यांच्या पदरात काय पडणार होते? पण त्यांनी बाजारभाव आणि खरेदीचा भाव, तारखा आणि पत्रव्यवहार एकापुढे एक ठेवले, आणि चौकशी टाळणे अशक्य करून सोडले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांनी ती चौकशी उघड्या दालनात चालविली. आत जागा न मिळालेल्या लोकांसाठी बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. एका हिशेबाच्या सुनावणीला, नाटकाला व्हावी तशी गर्दी झाली होती, ही गोष्ट माझ्यासारख्या लेखापरीक्षकाला आजही सुखावून जाते. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांचे म्हणणे असे की हा व्यवहार सचिवांनी केला. छागलांनी ते मानले नाही: सचिवाने केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच, सचिवाच्या आडोशाला मंत्र्याने उभे राहू नये, असा त्यांचा निष्कर्ष. १९५८ च्या फेब्रुवारीत मंत्र्यांनी राजीनामा दिला.

यातील एक योगायोग माझ्या मनातून जात नाही. त्याआधी सात वर्षे, १९५१ मध्ये, मुंबईच्या एच. जी. मुद्गल या सभासदाने सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची बाजू लढविल्याचा आरोप आला, तेव्हा पंतप्रधान नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा प्रस्ताव मांडला होता. त्या समितीचे अध्यक्ष हेच कृष्णम्माचारी. समितीने दोष काढला, आणि बडतर्फीचा ठराव समोर दिसताच मुद्गलांनी राजीनामा दिला. कालचा न्यायाधीश उद्याचा प्रतिवादी होऊ शकतो, आणि तरीही दोन्ही वेळा काम तडीस जाते, असे ते दिवस होते. त्या दिवसांविषयी अवास्तव हळवे होण्याचे मात्र कारण नाही. चिंतामणराव देशमुखांनी, अर्थमंत्रिपदावरून उतरल्यानंतर, मंत्र्यांवरील तक्रारींसाठी उच्चाधिकारी न्यायमंडळ नेमा, मी पुरावे देतो, असे जाहीर केले, तेव्हा त्यांची ती मागणी मान्य झाली नव्हती.

आता नाशकाकडे येऊ. १९६३ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण लोकसभेवर गेले ते आपल्या या नाशकातून, बिनविरोध. बिनविरोध निवडून दिलेल्या प्रतिनिधीला प्रश्न विचारण्याची सवय मतदारसंघाला लागत नाही, असे माझे एक आगाऊ मत आहे. पण यशवंतरावांनी १९६२ च्या चीनयुद्धातील पराभवाच्या चौकशीविषयी सप्टेंबर १९६३ मध्ये लोकसभेपुढे निवेदन केले, ही गोष्ट त्यांच्या नावे जमेस धरली पाहिजे.

नाशकाने या विषयाला दिलेला खरा अध्याय त्याहून अलीकडचा आहे. येथून फार दूर नसलेल्या दिंडोरी रस्त्यावर पाटबंधाऱ्यांच्या संशोधनाच्या, संकल्पचित्रांच्या आणि प्रशिक्षणाच्या संस्था आहेत. राज्यातील धरणांचे नकाशे जेथे घडतात व अभियंते जेथे शिकून निघतात ती ही जागा. तेथील प्रशिक्षण प्रबोधिनीचे मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये मुख्यमंत्री व राज्यपाल यांना पत्र लिहून सिंचन प्रकल्पांच्या वाढत्या किमती, निकृष्ट काम आणि उपसा योजनांची दुर्दशा मांडली. ते राज्याच्या तांत्रिक सल्लागार समितीचे सभासद होते; म्हणजे प्रकल्पांचे कागद वाचणे हे त्यांचे नेमून दिलेले काम होते, आणि त्यांनी ते खरोखरच केले, हाच काय तो अपवाद. त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणीत एक कोष्टक होते. लागवडीखालील क्षेत्रापैकी भिजणारे क्षेत्र २०००-०१ साली १७.८ टक्के होते, ते दहा वर्षांनी १७.९ टक्के झाले. दशांश एक टक्का. आणि त्या काळात सिंचनावर झालेला खर्च सत्तर हजार कोटींच्या घरातला, असे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणांसह सारे बोलू लागले.

येथे मी माझ्या धंद्याची शिस्त पाळून एक सावधगिरी नोंदवितो. सत्तर हजार कोटी आणि दशांश एक टक्का ही जोडी ऐकायला जबरदस्त असली तरी हिशेबाच्या दृष्टीने ती ओबडधोबड आहे. त्या खर्चात भूसंपादन आहे, आस्थापना आहे, अर्धवट कामे आहेत, आणि भिजलेल्या क्षेत्राच्या मोजणीच्याही अनेक तऱ्हा आहेत. सरकारने ३० नोव्हेंबर २०१२ रोजी श्वेतपत्रिका काढली तीत क्षेत्रवाढीचे आकडे पाहणीपेक्षा बरेच मोठे होते. पण दोन सरकारी कागद एकमेकांशी बोलत नाहीत, ही बाबच रुजवात मागणारी होती. ती वर्षानुवर्षे कोणी का घातली नाही? ते कोष्टक दरसाल छापले जात होते, दरसाल सभागृहात वाटले जात होते, आणि त्याचे गठ्ठे आमदारनिवासाच्या व्हरांड्यात सुतळीसुद्धा न सोडता पडून राहत होते. पूर्वी जलसंपदा खाते सांभाळलेले उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी २५ सप्टेंबरला राजीनामा दिला. आरोप त्यांनी नाकारले होते, आणि श्वेतपत्रिका निघाल्यावर आठवड्याभरात, ७ डिसेंबरला, ते पदावर परतले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा अहवाल २०१४ मध्ये आला. त्यात अनियमिततांचा मोठा पसारा होता, आणि बोट मुख्यतः अधिकाऱ्यांकडे वळलेले. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगितले की पवार यांच्यावर दायित्व येत नाही. मी न्यायालयाच्या वा तपास यंत्रणेच्या प्रांतात शिरत नाही. मला छागलांचा निष्कर्ष आठवतो, एवढेच म्हणतो. फौजदारी दायित्व आणि मंत्र्याची घटनात्मक जबाबदारी या दोन वेगळ्या वह्या आहेत, आणि एकीत शून्य आले म्हणून दुसरी उघडायचीच नाही, अशी रीत पडत चालली आहे. पांढरे यांनी मुदतीपूर्वी सेवानिवृत्ती घेतली. पुढे ते निवडणुकीच्या राजकारणात उतरले, तो भाग निराळा.

हे कागद वाचले जाऊ नयेत अशी तजवीज कोणी जाणूनबुजून करतो का, असे मला विचारतात. कटाची गरज नसते, वेळापत्रक पुरते. वार्षिक अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर खातेवार चर्चा ठरते, दोन-चार खात्यांवर भाषणे होतात, आणि नेमलेली घटका भरली की उरलेल्या साऱ्या मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात. याला तेथले लोक ‘गिलोटिन’ म्हणतात, आणि त्या शब्दातील रक्त कोणाचे हे त्यांना सुचत नाही. मागणी एक रुपयावर आणण्याची कपात सुचवून साऱ्या धोरणावर वाद घालण्याचे शस्त्र सभासदाच्या हाती आहे, पण कपात सूचना या आता बहुधा छापण्यापुरत्या उरल्या आहेत. मग पुरवणी मागण्या येतात. पुरवणी म्हणजे वर्षाच्या मध्यास अनपेक्षित खर्च उद्भवला तर त्याची सोय. जुलै २०२४ च्या अधिवेशनात राज्य सरकारने ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या, पुढल्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटींच्या. नवे आर्थिक वर्ष एप्रिलात लागते. तीन महिन्यांत एवढे अनपेक्षित काय घडले? एक तर मार्चात खर्चाचा आजमास चुकला, किंवा मार्चात तो सांगायचा नव्हता. आणि महालेखापरीक्षकाचे अहवाल सभागृहाच्या पटलावर बहुधा केव्हा ठेवले जातात? अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, सभासदांनी गाडीचे आरक्षण केलेले असते तेव्हा.

उरल्या समित्या. विधिमंडळाच्या समित्यांविषयी मला मनापासून आदर आहे, कारण बंद खोलीत, वृत्तपत्रांच्या नजरेआड, सत्ताधारी आणि विरोधक एकाच टेबलाशी बसून सचिवाला साधे प्रश्न विचारतात तेव्हा पुष्कळदा मोठ्या भाषणांपेक्षा अधिक काम होते. पण समिती दौऱ्यावर निघाली की दृश्य पालटते. मी कनिष्ठ लेखापरीक्षक असताना एका जिल्ह्याच्या ठिकाणी अशी समिती येणार होती. आठ दिवस आधी शाळांना रंग लागला, आरोग्य केंद्रातील मोडके वजनकाटे कपाटामागे गेले, विश्रामगृहाच्या चादरी बदलल्या, आणि एका वरिष्ठ कारकुनाने हातात छोटी वही घेऊन प्रत्येक टेबलापाशी थांबत वर्गणी गोळा केली. कोणी किती दिले ते तो पेन्सिलीने लिहीत होता. माझ्या टेबलापाशी येऊन तो थबकला, हसला, ‘‘तुम्ही तपासणीवाले, तुमचं नको,’’ म्हणाला आणि पुढे गेला. साऱ्या कारकिर्दीत एवढी चोख लिहिलेली हिशेबवही माझ्या पाहण्यात आली नाही, आणि तीच तेवढी मला तपासता आली नाही.

त्यामुळे २१ मे २०२५ ची धुळ्याची बातमी वाचून मी इतरांइतका चकित झालो नाही. विधिमंडळाची अंदाज समिती तेथे दौऱ्यावर आली असताना शासकीय विश्रामगृहाच्या १०२ क्रमांकाच्या खोलीत मोठी रोकड आहे, असा आरोप करून माजी आमदार अनिल गोटे खोलीच्या दाराशी ठाण मांडून बसले. कुलूप काढल्यावर जी रक्कम मोजली गेली ती १ कोटी ८४ लाखांच्या वर भरली. समितीच्या अध्यक्षांनी संबंध नाकारला, मुख्यमंत्र्यांनी चौकशी जाहीर केली. कोणाचा दोष ते ठरविणे चौकशीचे काम. मला त्या प्रसंगातील एकच तपशील मोलाचा वाटतो. एक वयोवृद्ध गृहस्थ कुलूप लावलेल्या दारासमोर तासन्‌तास खुर्ची टाकून बसतो आणि उठत नाही. त्यांच्या राजकारणाशी माझा मेळ बसेलच असे नाही. पण ज्या धुळ्यात रानड्यांची पत्रे फोडली जात होती, त्याच धुळ्यात दीडशे वर्षांनी एक खोली उघडावी लागली ती त्या बैठकीमुळे.

त्यानंतर दोन महिन्यांनी आपल्याच जिल्ह्यातील, सिन्नरचे, कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचे एक चलच्चित्र सर्वत्र फिरले. विधान परिषदेत बसून ते भ्रमणध्वनीवर पत्त्यांचा खेळ खेळत असल्याचा आरोप झाला. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बाजूला सारीत होतो, असे त्यांनी सांगितले. महिनाअखेर त्यांचे कृषी खाते जाऊन क्रीडा खाते त्यांच्याकडे आले. खाते निवडणाऱ्याला विनोदाचे अंग असावे. मंत्र्याने सभागृहात कसे वागावे हा प्रश्न क्षुल्लक आहे असे मी मानत नाही. पण अर्ध्या मिनिटाचे ते चित्र ज्यांनी पाहिले आणि संतापले, त्यांतील किती जणांनी त्याच अधिवेशनात मंजूर झालेल्या ५७ हजार कोटींच्या पुस्तिकेचे एखादे पान उलटले? वर्तन डोळ्यांना दिसते, खर्च वाचावा लागतो. म्हणून वर्तनाचा न्याय आठवड्याभरात होतो आणि खर्चाचा न्याय ठेकेदार निवर्तल्यावर.

कोणी म्हणेल, हे व्यक्तीवर भिस्त ठेवणे झाले. राज्य संस्थांवर चालावे, फिरोझ गांधी काही दर पाच वर्षांनी जन्मत नाहीत. हा आक्षेप मला मान्य आहे, निम्मा. प्रत्येक समितीला स्वतःचे जाणते अभ्यासक द्यावेत, लेखापरीक्षा अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी पटलावर यावेत, लोकलेखा समितीच्या शिफारशींवर खात्याने काय केले ते ठरलेल्या मुदतीत छापून निघावे. या सुधारणा अवघड नाहीत, खर्चिकही नाहीत. पण त्या साऱ्या झाल्या तरी शेवटी अहवाल उघडावा लागतोच, आणि तो उघडण्याचे काम कोणत्याही नियमावलीला स्वतः करता येत नाही.

२०२७ चे सिंहस्थ तोंडावर आहे. या पटांगणाच्या भोवतालीच कामे चालू आहेत, धूळ आपण सारेच खात आहोत. तपोवनात साधुग्रामासाठी झाडे तोडण्याचा विषय २०२५ च्या अखेरीस निघाला तेव्हा हे शहर जागे झाले, माणसे झाडांपाशी जाऊन उभी राहिली, आणि मला त्याचा अभिमान वाटला. झाड दिसते. त्याच सिंहस्थाचे घाट, रस्ते, मलनिस्सारण यांची अंदाजपत्रके दिसत नाहीत. तीही कोठेतरी फडताळात आहेत, त्यांच्याही मोजमाप वह्या आहेत, आणि पावसाळा आला की गाड्यांच्या लॉगबुकांत चालक शेरे मारणार आहेतच.

पुरवणी मागण्यांची ती पुस्तिका मी आज पिशवीतून सोबत आणली आहे. नगरविकास खात्याच्या पानात बसच्या तिकिटाची खूण घातली आहे. ज्यांना पाहायची असेल त्यांनी आभारप्रदर्शन झाल्यावर पुढे यावे. चष्मा मात्र ज्याने त्याने आपापला आणावा, कारण अक्षर फार बारीक आहे आणि पटांगणातला हा दिवा साडेनऊला मालवतात.